आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रणात वैद्यकीय सल्लागार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात कोपरीला राहते. त्वचारोगतज्ज्ञ आहे. सुरुवातीची वर्षं मुंबई आणि ठाणे जिल्ह्यात कुष्ठरोगाच्या फिरत्या पथकांबरोबर गेली. पुढे एका आंतरराष्ट्रीय संस्थेची वरिष्ठ वैद्यकीय सल्लागार म्हणून आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांत काम केलं. आता दौरे थांबले आहेत, पण प्रश्न थांबलेले नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयात बोलायला गेले की विद्यार्थी विचारतात, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारी विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ती थोडक्यात सांगितली की चुकीची होतात.

कुष्ठरोग तर संपला ना? मग त्याला सल्लागार कशाला?

संपलेला नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात १ लाख ८२ हजार ८१५ नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या भारतातले होते. ब्राझील आणि इंडोनेशियात दरवर्षी दहा हजारांच्या वर नवे रुग्ण सापडतात.

‘संपला’ हा समज कुठून आला ते सांगते. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ठराव केला की २००० सालापर्यंत कुष्ठरोगाचं ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ निर्मूलन करायचं. त्याचा अर्थ एवढाच होता, की दर १० हजार लोकसंख्येमागे उपचाराखालचे रुग्ण एकापेक्षा कमी असावेत. जगाच्या सरासरीने हे २००० मध्ये साधलं, भारताने डिसेंबर २००५ मध्ये. बातमी पसरताना ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ हे शब्द गळून पडले आणि ‘निर्मूलन’ तेवढं राहिलं. मराठीत निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. लोकांनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला, त्यात त्यांची काय चूक?

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी फळ्यावर मांडून दाखवते. हे मोजमाप ‘आज उपचार चालू असलेल्या’ रुग्णांचं आहे. धर्मशाळेत रोज दहाच माणसं येतात असं समजा. मुक्काम दोन दिवसांऐवजी एका दिवसाचा केला, तर वहीत निम्मी माणसं दिसतील. येणारे मात्र तेवढेच आहेत. जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार १९९७ नंतर २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे नोंदवहीतला आकडा आपोआप खाली आला, हेही तितकंच खरं.

आकडा खाली आला आणि लक्ष उडालं. स्वतंत्र कुष्ठरोग पथकं सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. घरोघर फिरून पाठ-पोट तपासणारे अवैद्यकीय सहायक निवृत्त होत गेले. ज्यांच्या बोटांना या आजारात जाड होणारी नस, म्हणजे मज्जातंतू, ओळखता येत होती ती माणसं घरी बसली. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे ही बोटांतली विद्या पुन्हा उभी करणं होता.

सल्लागार नेमकं करते काय? रुग्ण तपासते का?

तपासते, पण उपचार करायला नाही. कार्यक्रम त्या त्या देशाच्या सरकारचा असतो, डॉक्टर त्यांचे, औषधं त्यांच्या गोदामातली. सल्लागाराकडे अधिकार काहीच नसतो. ती कुणाची बदली करू शकत नाही, कुणाला नोटीस काढू शकत नाही. तिने पाहायचं, मोजायचं, विचारायचं आणि मग ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांना पटेल अशा शब्दांत सांगायचं.

कागदावर कामाची यादी मोठी असते. देशाच्या कार्यक्रमाचा आढावा, मार्गदर्शक सूचना, प्रशिक्षण, औषधांच्या मागणीची छाननी, संस्थेच्या पैशातून चालणाऱ्या प्रकल्पांचं मूल्यमापन, अवघड रुग्णांबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरं. जागतिक आरोग्य संघटनेचा जागतिक कुष्ठरोग कार्यक्रम नवी दिल्लीतून चालतो, आणि कुष्ठरोगावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा ‘इलेप’ हा महासंघ १९६६ पासून आहे. या दोन्हींच्या बैठकांत तांत्रिक मुद्दे ठरतात, तिथेही बसावं लागतं. वर्षातले चार-पाच महिने प्रवासात आणि उरलेले अहवाल लिहिण्यात जात.

पण या सगळ्याचं मोल एका गोष्टीवर ठरतं. शेवटच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने समोरच्या माणसाचा हात हातात घेतला की नाही? ते न पाहता लिहिलेला अहवाल कितीही जाड असला तरी पोकळ.

दौऱ्यातला एखादा दिवस कसा असतो?

एक दिवस सांगते. मोझांबिकच्या उत्तरेतला नाम्पुला प्रांत. काजूची झाडं इतकी, की गाडीतून उतरल्यावर क्षणभर रत्नागिरीला आल्यासारखं वाटलं. आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या. तिथला परिचारक एकटा बाळंतपणं, मलेरिया, लसीकरण आणि कुष्ठरोग असं सगळं पाहणारा. नोंदवही त्याने अगदी नीट ठेवली होती. अक्षर सुरेख.

मी विकृतीची श्रेणी लिहायचा रकाना पाहिला. सगळ्या रुग्णांपुढे शून्य. वरपासून खालपर्यंत, एकाच शाईत. इतके रुग्ण आणि एकाचीही बोट, पाऊल, डोळा यांतली संवेदना गेलेली नाही, असं होत नाही. मी काही बोलले नाही. संवेदना तपासायचे नायलॉनचे धागे कुठे आहेत एवढंच विचारलं. त्याने कपाटातून आणून दिले. पाकिटाचं सील तसंच होतं.

त्याला वर्गात उभं केल्यासारखं करून काही साधलं नसतं. त्याला हे कुणी करून दाखवलंच नव्हतं. आम्ही बाहेर काजूच्या झाडाखाली बाकडं टाकलं. औषधाचं महिन्याचं पाकीट घ्यायला आलेले तीन रुग्ण होते. मी मराठी वळणाचं पोर्तुगीज बोलायची, तो त्यांना तिथल्या मकुवा भाषेत सांगायचा. ‘डोळे हलके मिटा’ म्हटल्यावर दुसऱ्या बाईचा डावा डोळा पूर्ण मिटेना, खाली पांढरी रेघ दिसत राहिली. तो वाकून पाहू लागला. मग स्वतःच म्हणाला, गेल्या महिन्यात ती डोळ्यात पाणी येतं म्हणाली होती. त्याने तिला डोळ्याचं मलम देऊन पाठवलं होतं. त्या दिवशी त्याने तिघांना पुन्हा, माझ्याशिवाय, स्वतः तपासलं. संध्याकाळी वहीतले तीन शून्य खोडून त्याने खरे आकडे लिहिले. माझ्या अहवालाच्या चाळीस पानांपेक्षा त्या तीन खोडाखोडी मला मोठ्या वाटतात.

तुम्ही जिथे तिथे नसांबद्दलच का बोलता? हा तर कातडीचा आजार ना?

कातडीवर दिसतो, पण तो नसांचा आजार आहे. त्याचा जंतू गेरहार्ड आरमावर हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये शोधला. तो अतिशय संथ आहे. एका जंतूचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजही वाढवता येत नाही. त्याला शरीरातल्या थंड जागा आवडतात: कातडी, नाक, आणि कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसा. कोपराच्या आतल्या बाजूची, मनगटातली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्यामागची, चेहऱ्याची.

चट्ट्याने माणसाचं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते नस गेल्यावर. तळपायाला काही कळेनासं होतं. खडा चपलेत दिवसभर राहतो, चूल हाताला भाजते, आणि दुखत नाही म्हणून माणूस कामाला जातो. बोटं ‘झडतात’ हा जुना समज चुकीचा आहे. न कळलेल्या जखमा चिघळत जातात आणि बोटं आखडत जातात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नस मरते ती बऱ्याचदा जंतूमुळे नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे. त्याला आम्ही प्रतिक्रिया म्हणतो. जंतू मेल्यावरही, गोळ्या संपून वर्ष झाल्यावरही ती येऊ शकते. चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकते, कधी कधी न ठणकता गुपचूप निकामी होते. हे सहा महिन्यांच्या आत ओळखून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं तर नस वाचण्याची बरीच आशा असते. त्यानंतर ती आशा झपाट्याने कमी होते.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण कळलं एका चुकीतून. ठाणे जिल्ह्यातल्या एका शिबिरात, माझ्या सुरुवातीच्या काळात, एक तरुण बारा महिन्यांचा उपचार पूर्ण करून आला. कपडे शिवायच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. म्हणाला, ‘मॅडम, रात्री कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या येतात.’ बाहेर मोठी रांग होती. मी त्याचा हात धरला नाही. अशक्तपणा असेल म्हटलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहिल्या आणि कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असं लिहून सही केली. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. कात्री धरता येत नव्हती. शर्टाची बटणं लावायला बायकोला हाक मारावी लागते, हे त्याने खाली बघत सांगितलं. औषधाने थोडं सुधारलं, पुढे स्नायूबंधाची शस्त्रक्रिया झाली, बोटं बरीचशी सरळ झाली. कटिंगच्या टेबलावर मात्र तो पुन्हा गेला नाही. तो माझ्यावर एकदाही चिडला नाही, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

तेव्हापासून कुठल्याही देशात, कुठल्याही प्रशिक्षणात, मी पहिले दोन तास भाषण करत नाही. सगळ्यांना समोरासमोर बसवते. शेजाऱ्याचं कोपर किंचित वाकवा. आतल्या हाडाच्या मागच्या खोबणीत बोटांची पेरं हलकी फिरवा. दोरीसारखी लागते ती नस. जाड आहे का, दुसऱ्या हाताच्या तुलनेत कशी आहे? आणि दाबताना कोपराकडे बघू नका, माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. दुखलं तर चेहरा आधी सांगतो. मग चार हालचाली: करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट वर, पाऊल वर. शेवटी डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक कातडी जराशी दबेल इतकंच टेकवा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. सरावाने हे सगळं दहा मिनिटांत होतं. दर महिन्याला पाकीट घ्यायला येणाऱ्या माणसासाठी दहा मिनिटं काढता येत नसतील, तर मग आपण त्याला फक्त गोळ्या वाटतोय.

औषध कुठून येतं आणि खरंच फुकट असतं का?

हो, जगभर फुकट. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. त्याआधी एकटं डॅप्सोन वर्षानुवर्षं दिलं जायचं आणि जंतू त्याला जुमानेनासे झाले होते. १९९५ पासून काही वर्षं निप्पॉन फाउंडेशनने आणि २००० पासून नोव्हार्टिस कंपनीने ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देशांना मोफत दिली आहेत.

प्रौढांच्या पाकिटात २८ दिवसांची औषधं असतात. रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिनचा मोठा डोस महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, उरलेल्या गोळ्या रोज घरी. पहिल्या दिवशी लघवी लालसर होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून औषध सोडतो. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, औषध संपल्यावर काही महिन्यांनी उजळते. गोऱ्या रंगाचं इतकं कौतुक असलेल्या आपल्या समाजात, विशेषतः लग्नाच्या मुलींसाठी, हे फार जड जातं. ‘रंगाचं काय एवढं’ असं म्हणून ते उडवून लावू नये. बसून बोलावं.

कमी चट्ट्यांच्या रुग्णाला सहा महिने, जास्त चट्ट्यांच्या रुग्णाला बारा महिने. भारतात एप्रिल २०२५ पासून दोन्ही प्रकारांना रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन या तीन औषधांचाच उपचार लागू झाला आहे.

सल्लागाराचं काम इथे कंटाळवाणं पण महत्त्वाचं असतं: मागणीपत्रक. अंदाज चुकला की पाकिटं बंदरावर अडकतात आणि गावातला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. तीनदा परत गेलेला माणूस चौथ्यांदा येत नाही.

नव्या रुग्णांचा आकडा वाढला तर कार्यक्रम अपयशी म्हणायचा का?

बहुतेक वेळा उलट असतं. कोरोनाच्या २०२० सालात जगाचा आकडा दोन लाखांवरून सुमारे १ लाख २७ हजारांवर आला. आजार कमी झाला नव्हता, कुणी शोधायलाच गेलं नव्हतं.

मी तीन गोष्टी पाहते. नव्या रुग्णांत मुलं किती? मुलं असली तर संसर्ग आजही चालू आहे. निदानाच्या दिवशीच डोळ्यांना दिसणारी विकृती किती जणांत आहे? ती जास्त असली तर आपण उशिरा पोचतोय. आणि स्त्रिया किती? त्या एकदम कमी दिसल्या तर आजार बायकांना सोडून देतोय असं नाही, त्यांची पाठ कुणी पाहत नाहीये.

घरच्या माणसांना एक गोळी दिली की पुरे, असं ऐकलं. खरं आहे?

अर्धं खरं. रुग्णाच्या संपर्कातल्या निरोगी माणसांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देण्याची शिफारस २०१८ पासून आहे, आणि आपल्याकडेही तो दिला जातो. बांगलादेशच्या उत्तर भागात झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत आजाराचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी दिसलं. पण ज्यांना सगळ्यात जास्त धोका, त्या एकाच घरातल्या माणसांत फायदा तुलनेने कमी होता. म्हणजे ही गोळी ढाल आहे, पण पूर्ण अंगाची नाही.

गोळीपेक्षा मला त्यानिमित्ताने होणारी तपासणी मोलाची वाटते. गोळी देण्याआधी प्रत्येकाचं अंग पाहावं लागतं, क्षयरोगाची लक्षणं विचारावी लागतात, दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका वगळाव्या लागतात. आणि गोळी द्यायला शेजारी जायचं म्हणजे रुग्णाचं नाव फुटण्याची भीती. त्याची परवानगी घेतल्याशिवाय शेजाऱ्यांच्या दाराशी जायचं नाही, हा नियम मी प्रत्येक देशाच्या सूचनांत लिहायला लावला.

यावर लस आहे का?

खास कुष्ठरोगासाठी सर्रास वापरात असलेली लस नाही. जन्मतः दिली जाणारी बीसीजी काही प्रमाणात संरक्षण देते. ब्राझीलमध्ये रुग्णाच्या घरच्यांनाही ती देतात. भारतात डॉ. जी. पी. तलवार यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या ‘मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी’ या लसीवर बरंच काम झालं आहे.

तुम्हाला भीती नाही वाटली? घरी मुलं होती ना?

नाही वाटली, आणि त्याला धैर्य म्हणू नका. ९५ टक्क्यांहून अधिक माणसांना निसर्गतःच या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, जवळच्या सहवासातून तो पसरतो. हात मिळवल्याने, एकत्र जेवल्याने, लोकलमध्ये शेजारी बसल्याने नाही. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होणं थांबतं. रिफाम्पिसिनचा पहिलाच डोस जवळजवळ सगळे जिवंत जंतू मारतो.

माझ्या सासूबाई मात्र सुरुवातीला मी घरी आले की आधी आंघोळीला पाठवायच्या. मी वाद घातला नाही. एका रविवारी त्यांना कुष्ठरोगमुक्तांच्या वसाहतीतल्या हळदीकुंकवाला घेऊन गेले. तिथल्या आजींनी त्यांना वाण दिलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्यानंतर आंघोळीचा विषय निघाला नाही.

ठाणे-मुंबईतला अनुभव परदेशात उपयोगी पडला का?

सगळ्यात जास्त तोच पडला. वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून आहे, तिथे आमच्या पिढीने या आजाराचे सगळे टप्पे डोळ्यांनी पाहिले. १९७६ मध्ये डॉ. आर. गणपती यांनी सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने दाखवलं, की झोपडपट्टीत, गल्लीबोळांत, रुग्णालयात न आणता लोकांना बरं करता येतं. पनवेलजवळ नेऱ्याची शांतिवन ही कुष्ठरोग निवारणाची संस्था, कल्याणच्या पत्रीपुलाजवळची हनुमाननगर वसाहत, तिथे दशकानुदशकं काम केलेले आणि २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले गजानन माने. हे सगळं एका लोकलच्या अंतरावर आहे. ठाण्याच्या डॉक्टरला हा विषय शिकायला लांब जावं लागत नाही.

एक उदाहरण देते. ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भ्याला उतरलं की सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात. छत्तीसगड, झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश. त्यातल्या कुणाला निदान झालं की दोन महिन्यांनी तो होळीला गावी जातो आणि नोंदवहीत ‘उपचार सोडला’ म्हणून लागतो. त्याने सोडलेला नसतो, आपणच सोडून दिलेलं असतं. आम्ही ठरवलं, की गावी जाणाऱ्याला जितके महिने लागतील तितकी पाकिटं, सोबत निदानाची चिठ्ठी आणि घरातल्या एका माणसाला नीट समजावून द्यायचं. पुढे नेपाळच्या तराईत, जिथे माणसं रोज सीमा ओलांडून कामाला येतात, तिथे तोच प्रश्न होता आणि मी तेच उत्तर दिलं. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘एवढी पाकिटं दिली आणि त्याने घेतलीच नाहीत तर?’ मी म्हटलं, नाही दिली तर तो नक्कीच घेणार नाही.

‘महारोगी’ म्हणायचं नाही का? आमची आजी तर तसंच म्हणते.

आजीला तोडू नका, पण आपण म्हणू नका. त्या शब्दामागे वाळीत टाकणं आहे, वेशीबाहेरची झोपडी आहे. ‘कुष्ठरोग झालेली व्यक्ती’ किंवा ‘कुष्ठरोगमुक्त’ म्हणा. आणि बऱ्या झालेल्या माणसाला रुग्ण म्हणणंही बंद करा. पाय अधू राहिला तरी त्याचा आजार गेलेला आहे.

कायद्यालाही हे कळायला फार वेळ लागला. रुग्णांना डांबून ठेवू देणारा १८९८ चा इंग्रजांच्या काळातला कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद तर २०१९ मध्ये रद्द झाली. म्हणजे रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होऊ लागल्यावरही कित्येक वर्षं तो घटस्फोटाचं कायदेशीर कारण होता. या तरतुदीचा आधार घेऊन सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातली एक आमच्या शिबिरात नोंदी लिहायला यायची आणि कुणीही विचारलं तर नवरा दुबईला आहे असं सांगायची.

मला हे काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

एमबीबीएसनंतर त्वचारोग किंवा सामाजिक वैद्यकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, आणि सार्वजनिक आरोग्याची पदवी असली तर चांगलं. चेंगलपट्टूची केंद्रीय कुष्ठरोग संस्था, वेल्लोरजवळचं करिगिरीचं कुष्ठरोग केंद्र, आग्र्याची जालमा ही संशोधन संस्था, इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. फ्रेंच किंवा पोर्तुगीज यांपैकी एक भाषा शिकून घ्या, आफ्रिकेत इंग्रजी पुरत नाही.

पण त्याआधी किमान पाच वर्षं तळाशी काम करा. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आशाताईबरोबर चाला. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग स्वतः करा, चपलेचा मऊ रबरी तळ पायाला बसतो का ते गुडघ्यावर बसून बघा. जिल्ह्याच्या कुष्ठरोग तंत्रज्ञाकडून शिका, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं हे मान्य करा. ज्याने स्वतः नोंदवही भरलेली नाही त्याला दुसऱ्याच्या नोंदवहीतलं खोटं दिसत नाही.

पगार कसा असतो?

खासगी त्वचारोगतज्ज्ञापेक्षा बराच कमी, घर नीट चालेल इतका. प्रवासखर्च आणि विमा संस्था करते. लांबच्या दौऱ्यांत मुलांच्या परीक्षा आणि आईची आजारपणं चुकतात, त्याचा हिशेब आधी घरच्यांशी बसून करा.

२०२७ किंवा २०३० पर्यंत शून्य कुष्ठरोग शक्य आहे का?

जागतिक धोरणाचं लक्ष्य २०३० आहे, भारताने संसर्ग थांबवण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्डन हा कुष्ठरोग संपवल्याची जागतिक आरोग्य संघटनेने खातरजमा केलेला पहिला देश ठरला. तिथे दोन दशकांहून अधिक काळ स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण सापडला नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीसही. म्हणजे २०३० मध्ये ज्यांना चट्टा दिसेल त्यातल्या अनेकांना लागण आधीच झालेली आहे. त्यांना आपण नाहीसं करू शकत नाही, पण त्यातल्या प्रत्येकाची नस जाण्यापूर्वी त्याला गाठणं नक्की शक्य आहे. तारखेच्या घाईत पुन्हा आकडा खाली आणण्याची स्पर्धा लागू नये, एवढीच मला धास्ती वाटते. २००५ नंतर काय झालं ते मी पाहिलं आहे.

ठाणे किंवा नवी मुंबईत कुणाला संशय आला तर काय करायचं?

कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे खाज येत नाही, घाम येत नाही, स्पर्श कमी कळतो. कानाच्या पाळ्या जाड होणं, चेहरा तेलकट चमकणं. हातापायाला मुंग्या, हातातून वस्तू सुटणं, चालताना चप्पल पायातून निसटणं. यातलं काहीही असेल तर जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात जा. पाड्यावर असाल तर आशाताईला सांगा. तपासणी आणि औषध मोफत आहे. मेडिकलमधून गजकर्णाची मलमं आणून महिने घालवू नका. आणि उपचार पूर्ण झाल्यावरही मुंग्या, ठणका, अशक्तपणा जाणवला तर त्याच आठवड्यात परत जा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

घरातल्या सगळ्यांनाही तपासा. शर्ट काढून, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, आणि पाठ दुसऱ्याकडून बघून घ्या. ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा दिसत नाही.